घरगुती कारणास्तव

७ एप्रिल, मंगळवार

राजीनामा दिला. सकाळी साडेअकराला. मालकाने नीट वाचलासुद्धा नाही. खाली 'मंजूर' लिहिलं, सही केली, आणि ज्या पेनने केली ते माझं पेन स्वतःच्या खिशात टाकलं. नऊ वर्षं त्याच्या हळदीच्या कारखान्यात काढली, त्याचा शेवट हा. पेन गेलं.

यापुढे या वहीत मालक म्हणजे मा. पूर्ण शब्द लिहावा एवढी त्याची लायकी नाही.

घरी येऊन दोनदा अंघोळ. दोन्ही वेळा मोरीत पिवळं पाणी. वास तरी जात नाही.

रेखा दोनला अंगणवाडीतल्या कामावरून आली. मला ओट्यावर बघून म्हणाली, "लवकर आले? बरं न्हाई का?" म्हटलं, सोडली. ती तांब्याभर पाणी प्यायली. मग म्हणाली, "बापूंना तुमीच सांगा."

नाही सांगितलं.

८ एप्रिल, बुधवार

काय झालं ते एकदा सरळ लिहून ठेवतो. नाहीतर महिन्याभराने मीच वेगळं सांगत सुटेन.

शनिवारी हळद पॉलिश करायच्या ढोलावरचा माणूस आला नाही. मा.ने शेवंताबाईला उभं केलं. (तांड्यावरची, पन्नाशीची, पाच वर्षं आमच्याकडे हळद निवडते. यापुढे शे.बाई.) तिचं काम बसून निवडायचं, ढोलाचं नाही. ढोलाच्या पट्ट्यावर जाळी नाही. जाळी बसवा असं मी मा.ला दोनदा सांगितलं होतं, दोन्ही वेळा त्याने कान कोरत ऐकलं. पावणेचारला तिचा उजवा हात पट्ट्यात गेला. दोन बोटं गेली.

जीपमधून दवाखान्यात नेलं, मी आणि मा.चा ड्रायव्हर. ड्रायव्हर तिच्यासोबत आत गेला. मी बाहेर तिच्या लेकाला फोन लावत होतो.

सोमवारी मा.ने हजेरीचं रजिस्टर मागवलं. हजेरी मी भरतो. शनिवारी तिच्या नावापुढे 'ह'. मा. म्हणाला, "ह्याचा गै कर. आन् शेऱ्यात लिही, घरी विळ्यावर हात कापला."

मी म्हटलं, मी लिहिणार नाही.

त्याने माझ्या खुर्चीमागे कोपऱ्यात गुटख्याची पिंक टाकली आणि गेला. थुंकायचा डबा दोन हातांवर होता.

मंगळवारी, म्हणजे काल, निवडणीच्या शेडमध्ये पंचवीस बायांसमोर परत तेच रजिस्टर पुढे केलं. परत नाही म्हटलं. तर म्हणाला, "तू मॅनेजर हायस का तिचा नवरा?"

ड्रायव्हर हसला. बाया मान खाली घालून हळद निवडत राहिल्या. त्यांचा राग नाही. त्यांनी मान वर करून काय करायचं होतं?

मी टेबलाशी गेलो, कोरा कागद घेतला, राजीनामा लिहिला. अक्षर चांगलं आलं. मोबाईलवर फोटो काढून घेतला, तेवढी अक्कल शाबूत होती.

१० एप्रिल, शुक्रवार

बापूंना स्टँडवर कळलं. डोंगरकड्याच्या स्टँडवर काहीही लपत नाही, केळीची गाडी भरायला आलेल्या माणसाने त्यांना विचारलं, "तुमच्या मॅनेजरनं सोडली म्हनं?"

बापू घरी आले, बसले नाहीत. "मॅनेजर मानूस असं तडकाफडकी सोडतो व्हय?"

हा मॅनेजर शब्द बापूंचाच जास्त. तीन वर्षांपूर्वी मा. एका लग्नाच्या पंगतीत पाहुण्यांना म्हणाला, हा आमचा मॅनेजर. पगार तोच, टेबल तेच, कागद काही नाही. बापूंनी दुसऱ्या आठवड्यात स्टँडवर फ्लेक्स लावलं. माझा कोट घातलेला फोटो (कोट फोटोवाल्याचा), खाली 'मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. तेव्हा मीही दोनदा त्या बाजूने मुद्दाम गाडी नेली होती. खोटं कशाला लिहू.

ते फ्लेक्स सध्या शेळ्यांच्या छपरावर आहे.

१५ एप्रिल, बुधवार

हिंगोली. वकील कदम. कोर्टाच्या मागे पत्र्याखाली टेबल, माणूस कोरडा पण ऐकतो.

सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "राजीनामा दिला का घेतला?"

म्हटलं, फरक?

"दिला असंल तर विषय संपला. असं वागवलं की मानसाला राहणंच अशक्य झालं, म्हणजे घेतला, मग लढता येतं. काढूनच टाकल्यासारखं असतं ते. पण दाखवावं लागतं." मग म्हणाले, "शिवाय त्या बाईचा नुकसानभरपाईचा दावा. रजिस्टर त्याच्याच ताब्यात, नवीन लिहून घेतलं असंल आतापर्यंत. त्या आठवड्यातला, त्याच्या सहीचा, बाहेर आलेला कागद एकच. तुमचा राजीनामा. त्यात काय लिहिलंय?"

मोबाईल दिला. त्यांनी मोठ्याने वाचला.

"मी घरगुती कारणास्तव माझ्या पदाचा स्वखुशीने राजीनामा देत आहे. तरी मंजूर करावा ही नम्र विनंती."

चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "घरी काय झालं होतं?"

काही नाही, म्हटलं.

"मग?"

मग काय. आठवडाभर तो फोटो मी रोज उघडून बघत होतो, सही बघत होतो, 'मंजूर' बघत होतो. तो शब्द मला दिसलाच नव्हता.

येताना जीपमध्ये फाटा मागे गेला तरी कळलं नाही. ऊन असेल.

१६ एप्रिल, गुरुवार

ऊन नव्हतं.

तिच्या हाताला 'घरी' लागलं असं लिहायला मी नाही म्हटलं. त्यावरून नोकरी सोडली. आणि नोकरी सोडायच्या कागदावर काय लिहिलं? घरगुती. एका खोट्याला नकार दिला आणि तेच खोटं स्वतःच्या अंगाला लावून घेतलं, तेही सुवाच्य अक्षरात.

कुठून आला हा शब्द? पाचवीत गुरुजींनी फळ्यावर रजेच्या अर्जाचा नमुना लिहिला होता. 'वरील विषयान्वये'... 'घरगुती कारणास्तव'... 'आपला आज्ञाधारक'. तीनदा उतरवून आणायला लावला. तेव्हापासून बोटात बसलाय. कारखान्यात रजेचे अर्ज माझ्याकडेच यायचे. बाप मेला, घरगुती. पोरगी बघायला जायचंय, घरगुती. नाक्यावर पिऊन पडला, तोही घरगुती. एकाने एकदा खरं लिहिलं होतं, 'कंटाळा आला म्हणून दोन दिवस'. मा.ने तो अर्ज सगळ्यांना वाचून दाखवला आणि त्याला काढून टाकलं. आम्ही सगळे हसलो होतो. मी पण.

साहेबाला खरं कारण लिहायचं नसतं. एवढं शिक्षण पुरं झालं आमचं.

२७ एप्रिल, सोमवार

कामगार कार्यालयात अर्ज दिला. त्याआधी कदमांनी रस्ते सांगितले, इथे उतरवतो.

राजीनामा मागे घेणं : जमणार नाही. मंजूर व्हायच्या आत घेता येतो, आमचा तर शाई वाळायच्या आत मंजूर.

कामगार कार्यालय : दोघांना बोलावतील, समेट होतो का बघतील. नाही झाला तर नांदेडला, कामगार कोर्टात. वर्षं जातात.

पण तिथे जायला मी कामगार असायला पाहिजे. मॅनेजर असलो तर ते दार बंद. कदम म्हणाले, "कायदे नवे आले, प्रश्न जुनाच हाय. पण घाबरू नका. नावाला विचारत न्हाईत, कामाला विचारत्यात. मानसं ठेवायचा, काढायचा, रजा द्यायचा अधिकार होता का तुमाला?"

म्हटलं, चहा सांगायचा होता.

ते पहिल्यांदा हसले.

शे.बाईचा दावा वेगळा. त्यात मी साक्षीदार. तिथेही समोरचा वकील विचारणार, भांडण होतं तर लिहिलं का नाही. म्हणजे त्या एका शब्दाने माझं तर गेलंच, तिचंही जातंय. हे कदमांनी सहज सांगितलं, फाईल बांधता बांधता.

११ मे, सोमवार

मा.चं लेखी उत्तर आलं. तीन पानं. सार : हे आमचे मॅनेजर होते, कामगार नव्हेत. त्यांच्या घरी अडचण होती म्हणून स्वखुशीने गेले. सदर महिलेच्या अपघाताशी आमचा संबंध नाही. आणि सोबत जोडपत्र 'अ'.

जोडपत्र 'अ' म्हणजे फ्लेक्सचा फोटो. मी, कोट, हार्दिक अभिनंदन, शुभेच्छुक म्हणून खाली बापूंचं नाव. ते स्टँडवर होतं तेव्हाच कुणीतरी काढून ठेवलेला. बघून किळस आली. मा.ची की माझी, सांगता येत नाही.

बापूंना म्हटलं, तुम्ही लिहून द्या की फ्लेक्स हौसेने लावलं, मॅनेजरपदाचा कागद वगैरे काही नव्हता.

"म्हंजी मी खोटं लावलं व्हतं?"

"तसं नाही बापू."

"मंग कसं? समद्या गावाला म्यानेजर सांगितलं म्या. आता सरकारला लिहून देऊ, पोरगं हजेरीवाला व्हतं म्हून?"

जेवले नाहीत.

१४ मे, गुरुवार

गफूरचाचा आला. कारखान्याचा मुकादम, मी लागलो तेव्हापासूनचा. त्या शनिवारी ढोल त्यानेच बंद केला होता, तिचा हात त्यानेच सोडवला. मी मनात म्हटलं, साक्षीला आला.

मा.ने पाठवलं होतं.

निरोप : अर्ज मागे घे आणि त्या बाईच्या भानगडीत पडू नको, तर अनुभवाचं प्रमाणपत्र देतो. लेटरपॅडवर, 'मॅनेजर' लिहून. वसमतला एका गोदामात मी जागेसाठी विचारून आलोय, तिथले प्रमाणपत्राशिवाय घेत नाहीत, हे त्याला बरोबर माहीत. कुठून कळलं देव जाणे.

"ले लो सुधाकरभाऊ," चाचा म्हणाला. "बडे लोगां से काहे कू उलझते. तकलीफ अपनेकूच होती."

म्हटलं, चाचा, तुम्ही तर बघितलं सगळं.

त्याने टोपी काढली, परत घातली. "देखा ना. पन मेरेकू तीन बेट्यां हैं."

चहा न पिता गेला. त्याची किळस यायला हवी होती, आली नाही. माझ्याकडे तर मुली नाहीत, मला कुणी धमकावलं नव्हतं, तरी मी लिहिलं ना घरगुती?

रेखाला विचारलं, वसमतचं काय करू. ती म्हणाली, "त्या कागदावर मॅनेजर लिवलं की तुमी कामगार ऱ्हात न्हाई. त्यानं तुमाला एकाच कागदात नोकरी दिली आन् दावा काढून घेतला. इतकं तरी कळतंय का?"

नव्हतं कळलं. बी.कॉम. मी आहे.

२१ मे, गुरुवार

कामगार कार्यालयात पहिली तारीख. कदम, मी. समोर मा., त्याचा वकील, दाराशी ड्रायव्हर.

मा. पांढऱ्या कपड्यात, कपाळाला गंध. गुटखा बाहेर थुंकून आलेला, आत येताना तोंड पुसत होता. मला बघून हात जोडले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

अधिकारी साहेबांनी राजीनामा वाचला. मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी सांगायला लागलो, रजिस्टर, शे.बाई, शेडमधलं बोलणं. ते म्हणाले, "हे यात कुठंच नाही."

तेवढ्यात मा. मधे वाकला. एवढ्या हळू आवाजात मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "साहेब, त्याच्या घरची अडचण व्हती, म्या अडवलं न्हाई. मोठ्या मनानं सोडलं." आणि मग माझ्याकडे वळून, मान तिरकी करून, "काय सुधाकर, घरी समदं बरं हाय ना आता?"

साहेबांसमोर. वहिनींची चौकशी करावी तसं.

आणि माझ्या तोंडून निघालं, "हो, बरं आहे."

कुणी घरचं विचारलं की बरं आहे म्हणायचं. तेही पाचवीतलंच असणार. साहेबांनी काहीतरी टिपून घेतलं. कदमांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. 'हो, बरं आहे.' त्याच्या थोबाडीत मारायची ती जागा होती आणि मी त्याला खुशाली कळवली.

पुढची तारीख १२ जून. तोवर दोघांनी प्रतिज्ञापत्रं द्यायची.

२२ मे, शुक्रवार

कुठे गेलो नाही. शेळ्यांकडे गेलो तर छपरावरून माझा फोटो बघत होता. एका बाजूने कोट फाटलाय.

२८ मे, गुरुवार

बापूंनी छपरावरचं फ्लेक्स काढलं. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. घडी घालून कणगीमागे ठेवलंय. शेळ्यांवर आता जुनं लुगडं.

लिहून देणार का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

३ जून, बुधवार

कदमांचा फोन. "त्या बाईचा दवाखान्याचा केसपेपर आणा. तो महत्त्वाचा. अपघात कुठं झाला ते डॉक्टर पहिल्याच दिवशी लिहितो. रजिस्टर गेलं तरी केसपेपर राहतो." आवाजात पहिल्यांदा जरा जीव होता. मलाही बरं वाटलं. चला, एक कागद तरी मी लिहिलेला नाही.

उद्या तांड्यावर.

४ जून, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी नऊला गेलो. शे.बाई दारात बसून डाव्या हाताने मिरच्यांचे देठ काढत होती. उजव्या हाताला पट्टी नाही आता. दोन बोटांच्या जागी कातडी गुलाबी, लहान लेकराच्या टाळूसारखी. मी बघतोय हे बघून तिने हात पदराखाली घेतला. मग परत बाहेर काढला. म्हणाली, "बघा की. त्यात काय."

सुनेने चहा केला. केसपेपर शे.बाईने पत्र्याच्या पेटीतून काढला, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेला. तिला वाचता येत नाही. दोन महिने तिने तो आपला आधार म्हणून जपलाय. मी उघडला.

इंग्रजीत चार ओळी. मधे मराठीत, रुग्णाचे सांगणे : 'घरी काम करताना इजा'.

दोनदा वाचलं. मग तिला वाचून दाखवलं. वाचताना वर बघितलं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "तसंच सांगितलं व्हतं म्या."

"काहून पण?"

"ड्रायवर म्हनला, इचारलं तर घरी लागलं म्हून सांग, न्हाईतर पोलीस येत्यात, दवाई देत न्हाईत. रगत चाललं व्हतं. म्या म्हनलं तसं. मला वाटलं दवाखान्यात तसंच सांगत्यात." मग मिरच्या बाजूला सारून म्हणाली, "त्यो कागद बाद झाला का मंग?"

मी म्हटलं, बाद नाही, पण अवघड झालं. आणि म्हटलं, अवघड नुसतं तुमच्यामुळे नाही. माझा राजीनामा सांगितला. तिला या गोष्टीचा पत्ताच नव्हता. तिच्यासाठी नोकरी सोडली, एवढंच तांड्यावर माहीत. सून तर मला दादा म्हणत होती, पाया पडली होती आल्या आल्या. सगळं सांगितलं. तोच शब्द, त्याच आठवड्यात, माझ्या हाताने.

शे.बाईने नीट ऐकलं. रागावली नाही. खरंच समजून घ्यायचं होतं तिला. विचारलं, "आन् तुमाला कोन सांगितलं व्हतं?"

मी चहा प्यायलो. गार झाला होता.

कोणीच नाही, म्हटलं.

ती "बरं" म्हणाली आणि परत मिरच्यांना लागली.

५ जून, शुक्रवार

तिला सांगायला माणूस होता. तिचं रक्त वाहत होतं, तिला अक्षर येत नाही, माणूस शेजारी उभा होता. माझ्या शेजारी कोणी नव्हतं. माझी मलाच शिसारी येते. मा.ची येते ती बाहेरून येते, अंघोळ केली की थोडी जाते.

९ जून, मंगळवार

हिंगोली. कदमांना केसपेपर दाखवला. मला वाटलं, हात वर करतील. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, माझा आणि तिचा, आणि बोट आपटलं.

"हे तर चांगलंच झालं की."

म्हटलं, काय चांगलं?

"एकाच आठवड्यात दोन मानसं, दोघांचं कारण घर? ही मालकाची पद्धत हाय म्हणायचं. बाई सांगणार, ड्रायवरनं बोलायला लावलं. तुमी सांगायचं, मालकानं लिहायला लावलं. दोन्ही कागद एकमेकाला धरून उभे राहत्यात. एकटा पडला की पडला."

"पण मला कोणी लावलं नाही."

"ड्रायवर दारात होता ना?"

"होता. पण तो—"

"होता ना? बास. 'धाक दाखवून लिहून घेतला.' तुमी भ्यालेले नव्हता का?"

भ्यालेलो होतो. कशाला, ते सांगता येत नाही. म्हटलं, खरं तेच लिहिलं तर? की कोणी सांगितलं नाही, सवयीने लिहिलं?

कदमांनी दोन्ही कागद बाजूला सारले. वाईट माणूस नाही तो. "लिहा. समोरचा वकील इचारल, म्हंजी तुमी सवयीनं खोटं लिहिता? तुमी हो म्हणणार. मग तो म्हणंल, मग आज खरं कशावरून? तुमचं जाऊ द्या. त्या बाईचा साक्षीदार तुमीच हाय, दुसरा कोन येऊन राहिला?"

दुसरा कोणी नाही. गफूरचाचाला तीन मुली.

टायपिस्टने दोन्ही प्रतिज्ञापत्रं केली. शे.बाईचं पूर्ण. माझ्यातली चौथ्या कलमाची, म्हणजे राजीनामा तसा का लिहिला ती, जागा कदमांनी कोरी ठेवायला लावली. "परवा नोटरीपुढं याल तेव्हा सांगा काय टाकायचं. बाईलाबी घेऊन या, अंगठ्याला."

बाहेर रसवंतीवर बसलो. रस घेतला, अर्धा टाकला.

१० जून, बुधवार. दुपार

सकाळी बापू कणगीमागून फ्लेक्स काढून घेऊन आले. अंथरलं. म्हणाले, "लिही. म्या सांगतो तसं." लिहिलं : 'सदर फ्लेक्स मी माझ्या हौसेने लावले. माझा मुलगा हजेरी लिहीत असे. त्याला कोणालाही ठेवण्याचा किंवा काढण्याचा अधिकार नव्हता.' वाचून दाखवलं. बापूंनी सही केली, लांबलचक, सगळं नाव. मग फ्लेक्सकडे बघत म्हणाले, "कोट चांगला दिसत व्हता पन."

त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. रेखाने तर नाहीच, मी विचारलं तिला.

उद्या सातच्या जीपने निघायचं. शे.बाई फाट्यावर येणार. रेखापण येतेय, शे.बाईला कोर्टाच्या आवारात बाईमाणूस सोबत असावं म्हणून. तिला अंगणवाडीतून एक दिवसाची रजा पाहिजे. भाकरीचं पीठ मळता मळता म्हणाली, "माझा अर्ज लिवून ठेवा तेवढा. मॅडमला जाता जाता देऊ."

वहीचंच पान फाडलं. प्रति, मा. पर्यवेक्षिका. (इथेही मा. हसू आलं.) विषय, एक दिवसाच्या रजेबाबत. महोदया, वरील विषयान्वये विनंती अर्ज करते की, मी उद्या दिनांक ११ रोजी

पेन 'घ' काढून थांबलं. काढून झाल्यावर दिसला मला. आधी नाही.

रेखा पिठाच्या हाताने मागे येऊन उभी राहिली. "थांबले काहून?"

म्हटलं, खरं कारण लिहू का? साक्षीसाठी नोटरीकडे जायचं आहे म्हणून?

तिने अर्ज वाचला. मग शेजारी पडलेलं माझं प्रतिज्ञापत्र बघितलं, चौथ्या कलमाची कोरी जागा बघितली. कदम काय म्हणाले ते तिला सगळं माहीत आहे. शे.बाईने काय विचारलं तेही.

"लिवा की," ती म्हणाली. "पन आदी तुमच्या कागदावर लिवा. मंग माझ्या."

आणि चुलीकडे गेली. दोन्ही कागद समोर आहेत. एकावर 'घ', दुसऱ्यावर काही नाही. पहिली भाकरी तव्यावर पडल्याचा आवाज आला आत्ता.